दिव्यांच्या अमावास्येचं सूर्यग्रहण : सोलापुरातून नीट कसं पाहायचं

सोमवार, २ ऑगस्ट २०२७. आषाढ अमावास्या, म्हणजे दिव्यांची अमावास्या. समया, निरांजनं घासूनपुसून पाटावर मांडलेली असतील, कणकेचे गोड दिवे उकडून झालेले असतील, आणि दुपारी चारच्या सुमारास सोलापुरात सूर्यग्रहण लागेल. पावणेपाचच्या आसपास ग्रहणमध्य, साडेपाचच्या सुमारास मोक्ष. मिनिटांपर्यंतच्या अचूक वेळा त्या वर्षीच्या पंचांगात मिळतील. कोलकात्याचं पोझिशनल ॲस्ट्रॉनॉमी सेंटर दर ग्रहणाआधी शहरवार वेळा जाहीर करतं, त्यावर विसंबावं.

हे ग्रहण जगाच्या काही भागांत खग्रास आहे. स्पेनचं दक्षिण टोक, मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया, लिबिया, इजिप्त, सौदी अरेबिया, येमेन, सोमालिया असा चंद्राच्या गडद सावलीचा पट्टा जाणार आहे. इजिप्तमधल्या लक्सरजवळ सूर्य सहा मिनिटांहून जास्त वेळ पूर्ण झाकलेला राहील. मक्का शहरही या पट्ट्यात येतं. तिथे पाच मिनिटांच्या आसपास भर दुपारी अंधारेल. त्या दिवसांत सोलापुरातून उमऱ्यासाठी कुणी गेलं असेल, तर आयुष्यात एकदा दिसणारी गोष्ट त्यांच्या डोक्यावर घडणार आहे.

सोलापुरात मात्र खंडग्रास. सूर्यबिंबाचा साधारण पाव भाग झाकला जाईल, बस्स. अंधार पडणार नाही, पाखरं घरट्यांकडे परतणार नाहीत, तारे दिसणार नाहीत. खरं सांगायचं तर ज्याला माहीत नाही त्याला ग्रहण लागलंय याचा पत्ताही लागणार नाही. नवी पेठेतली खरेदी नेहमीसारखीच चालू राहील. पाव भाग झाकला तरी पाऊण सूर्य उरतो, आणि पाऊण सूर्याचा उजेड आपल्या डोळ्यांना पूर्ण सूर्याइतकाच वाटतो.

या ग्रहणाचा धोकाही नेमका इथेच आहे. त्यात भर पावसाळ्याची.

ग्रहण लागतं कसं

सूर्याचा व्यास सुमारे १३ लाख ९० हजार किलोमीटर, चंद्राचा ३,४७४. म्हणजे सूर्य चंद्राच्या चारशे पट रुंद. पण योगायोग असा की तो आपल्यापासून चंद्राच्या सुमारे चारशे पटच लांबही आहे. त्यामुळे आकाशात दोघांची बिंबं जवळजवळ सारखी दिसतात, सुमारे अर्धा अंश रुंदीची. चंद्र सूर्याच्या बरोबर समोर आला की तो सूर्याला झाकू शकतो, एवढंच हे गणित.

दर अमावास्येला चंद्र सूर्याच्या बाजूलाच असतो, मग दर अमावास्येला ग्रहण का नाही? कारण चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेला सुमारे पाच अंशांनी कललेली आहे. बहुतेक अमावास्यांना चंद्र सूर्याच्या थोडा वरून किंवा खालून निघून जातो. या दोन कक्षा जिथे एकमेकींना छेदतात त्या दोन बिंदूंना आपल्याकडे राहू आणि केतू म्हणतात. अमावास्येला सूर्य आणि चंद्र दोघंही या बिंदूंपैकी एकाजवळ असले, तरच ग्रहण. राहू गिळतो ही गोष्ट झाली, पण राहूची जागा काढायचं गणित पंचांगकर्त्यांना फार जुन्या काळापासून येतं, आणि ते गणित खरं आहे.

चंद्राची सावली पृथ्वीवर पडते तिचे दोन भाग असतात. मधली गडद सावली फार अरुंद असते. तिच्यात उभ्या असलेल्यांना खग्रास दिसतं. तिच्याभोवती हजारो किलोमीटर पसरलेली विरळ सावली असते, तिथून सूर्याचा फक्त काही भाग झाकलेला दिसतो. २ ऑगस्टला गडद सावली आपल्यापासून बरीच दूर, नैर्ऋत्येकडून अरबी समुद्र ओलांडून हिंदी महासागराकडे जाईल. आपण विरळ सावलीत असू.

त्या दिवशीचं पंचांग उघडलंत तर एक गोष्ट खटकेल. अमावास्या दुपारी साडेतीनच्या सुमारास संपलेली असेल आणि ग्रहण लागेल चारला! सूर्यग्रहण तर अमावास्येलाच लागतं, मग हे प्रतिपदेत कसं? छापण्यात चूक नाही. तिथी मोजतात ती पृथ्वीच्या केंद्रातून पाहिल्यासारखी. आपण मात्र केंद्रात नसतो, पृष्ठभागावर सोलापुरात असतो. चंद्र जवळ असल्यामुळे आपली जागा बदलली की तो आकाशात सरकलेला दिसतो. नाकासमोर बोट धरून आधी एक डोळा मिटा, मग दुसरा. बोट सरकल्यासारखं दिसेल, लांबची भिंत जागची हलणार नाही. दुपार कलल्यावर चंद्र आपल्याला क्षितिजाच्या बाजूला, म्हणजे पश्चिमेकडे, ढकललेला दिसतो. आकाशात तो पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकत सूर्याला गाठतो, म्हणून सोलापूरकरांना तो सूर्यापाशी उशिरा पोचल्यासारखा दिसणार. सकाळच्या ग्रहणात हेच उलट होतं. तेव्हा ग्रहणमध्य अमावास्येच्या शेवटाआधी येतो.

डोळ्याचं नेमकं काय बिघडतं

लहानपणी भिंगाने कागद जाळायचा उद्योग बहुतेकांनी केलेला असतो. आपल्या डोळ्यात तसंच भिंग आहे, आणि कागदाच्या जागी डोळ्याचा पडदा. सूर्याकडे रोखून पाहिलं की त्याची छोटीशी, अतिशय प्रखर प्रतिमा पडद्याच्या मध्यावर पडते. हा मध्य म्हणजे ज्या जागेने आपण वाचतो, सुईत दोरा ओवतो, माणसाचा चेहरा ओळखतो, तीच जागा. प्रखर उजेडामुळे, विशेषतः त्यातल्या निळ्या भागामुळे, तिथल्या पेशींमध्ये रासायनिक बिघाड होतो. त्याला वेळ लागत नाही.

आणि दुखत नाही. पडद्याला वेदना कळतच नाही. बोटाला चटका बसला की हात आपोआप मागे येतो, इथे तसा इशारा मिळत नाही. त्रास काही तासांनी, बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी सकाळी कळतो : समोर मधोमध काळा किंवा करडा डाग, वर्तमानपत्राच्या ओळी वाकड्या, अक्षरं पुसट, रंग फिके. काहींची नजर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत बरीच सुधारते, काहींची कायमची अधू राहते. हमखास बरं करणारं औषध यावर नाही. अशी लक्षणं दिसली तर घरगुती थेंब न घालता सरळ डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं आणि सूर्याकडे पाहिलं होतं हे न लाजता सांगायचं.

ग्रहणातल्या सूर्यातून काही वेगळे, विषारी किरण येतात असा एक समज आहे. तसं काही नसतं. सूर्य रोजचाच असतो. फरक एवढाच की रोज आपण त्याच्याकडे पाहत नाही, आणि ग्रहणाच्या दिवशी पाहायला जातो. झाकलेला भाग झाकलेला, पण उरलेल्या भागाचा प्रत्येक तुकडा पूर्वीइतकाच तेजस्वी राहतो. चंद्रकोरीएवढा उरलेला सूर्यही पडदा जाळायला पुरेसा आहे, मग पाऊण सूर्याची काय कथा.

खग्रासच्या पट्ट्यातले लोक सूर्य पूर्ण झाकला गेल्यावर ती काही मिनिटं चष्मा काढून पाहतात, आणि ते सुरक्षित असतं. त्याचे व्हिडिओ मोबाइलवर फिरतील. सोलापुरात तसा क्षण येणारच नाही. इथे पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत नियम एकच, सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहायचं नाही.

खरा घोळ ढगांचा

पावसाळ्यातल्या ग्रहणांचा आपला अनुभव काही चांगला नाही. ११ ऑगस्ट १९९९ चं खग्रास गुजरातमधून गेलं आणि ढगांनी अनेकांना फसवलं. २२ जुलै २००९ चं खग्रास या शतकातलं सगळ्यात लांब, पण सुरतेपासून बिहारपर्यंत जमलेल्या लोकांपैकी बहुतेकांनी ढगच पाहिले.

सोलापूर पर्जन्यछायेत. ढग येतात, पाऊस येत नाही, हे इथल्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने ढगांत बीजारोपण करून, म्हणजे बारीक कण फवारून, पाऊस वाढतो का, हे पाहायचा प्रयोग सोलापुरात केला, तोही याचसाठी. तेव्हा २ ऑगस्टला धो-धो पावसाची शक्यता कमी, आणि पांढऱ्या-करड्या ढगांची ये-जा चालू राहण्याची शक्यता बरीच.

अशा आकाशात काय होतं? चष्मा घालून वर पाहिलं तर मिट्ट काळोख, कारण ढगाआड मंद झालेला सूर्य ग्रहणाच्या चष्म्यातून बऱ्याचदा दिसतच नाही. मग माणूस चष्मा काढतो. काढल्यावर ढगामागे सूर्याची पांढरी थाळी दिसते, डोळे दिपत नाहीत, आणि खालच्या बाजूने खाल्लेला तुकडाही स्पष्ट दिसतो. "चष्म्याशिवाय मस्त दिसतंय की ओ!" अशी हाक गच्चीवरून येते आणि सगळी बिल्डिंग वर माना करते. तेवढ्यात ढगाला भोक पडतं.

ढग सूर्याचा उजेड किती कापतो हे कुणाच्या हातात नसतं आणि क्षणाक्षणाला बदलतं. म्हणून ढग हा फिल्टर धरायचाच नाही. चष्म्यातून दिसत नसेल तर त्या क्षणी ग्रहण दिसत नाही, असंच समजायचं. हात खिशात घालून ढग सरकायची वाट बघायची. नाहीतर खाली बघायचं, आणि खाली बघण्याचे प्रकार या लेखात पुढे आहेतच. मला विचाराल तर सोलापूरच्या या ग्रहणासाठी तेच सगळ्यात उत्तम.

चष्मा घेताना

ग्रहणाच्या चष्म्यांसाठी आयएसओ १२३१२-२ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यानुसार चष्म्यातून दृश्य उजेडाचा जास्तीत जास्त ०.००३२ टक्के भागच आत येऊ शकतो. तीस हजारातला एक भागही नाही. अतिनील आणि अवरक्त किरणांवरही मर्यादा आहेत. गॉगल कितीही महागाचा असो, तो शेकड्यातले दहा-वीस भाग तरी आत सोडतोच. त्याची आणि या चष्म्याची तुलनाच नाही.

अडचण अशी की मानकाचा नंबर कागदावर कुणीही छापू शकतो. त्यामुळे चष्मे फुटपाथवरून न घेता विज्ञान केंद्र, खगोलप्रेमी मंडळ, शाळा-कॉलेजमधून मागवलेले घ्यावेत. आणि आठवडाभर आधी नव्हे, महिना-दोन महिने आधी. केगावच्या विज्ञान केंद्रात आधीच चौकशी करून ठेवायला हरकत नाही. घरी एक सोपी चाचणी करा. चष्मा घालून ट्यूबलाइटकडे पाहा, काहीही दिसता कामा नये. खिडकीतून बाहेर पाहा, झाडं, घरं, काहीही दिसता कामा नये. काही दिसलं तर चष्मा बाद. मग मोबाइलचा टॉर्च काचेमागे धरून उजेडाचे ठिपके दिसतात का, ओरखडे आहेत का, ते बघा. एक ठिपका दिसला तरी बाद. ही चाचणी वाईट चष्मा ओळखायला चांगली, पण चांगला असल्याची हमी नाही देत. म्हणून चष्मा कुठून घेतला, हे महत्त्वाचं.

वापरायची रीत साधी आहे. मान खाली, चष्मा लावायचा, मग वर पाहायचं. पुन्हा मान खाली, मगच काढायचा. नंबरचा चष्मा असेल तर त्याच्यावरून लावायचा. लहान मुलांच्या कानांवर कागदी चष्मा ठरत नाही, घसरतो आणि पोरगं वरच बघत राहतं. त्यासाठी पुठ्ठ्याच्या मोठ्या ताटलीला डोळ्यांच्या जागी खाच पाडून चष्मा तिथे चिकटवला की चेहराच झाकला जातो आणि कडेनं बघायची सोय उरत नाही.

वेल्डिंगची काच चालते, पण १४ नंबरचीच. एमआयडीसीत एखाद्या वर्कशॉपमधून आणलेल्या हेल्मेटला बहुतेक वेळा दहा-अकरा नंबरची काच असते. ती सूर्यासाठी नाही. नंबर काचेवर कोरलेला असतो, तो वाचल्याशिवाय डोळ्याला लावू नका.

बाकी सगळं माळ्यावर. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, सीडी, फोटोची जुनी निगेटिव्ह, एकावर एक चढवलेले गॉगल, यांतलं काहीच नाही. सूर्य अंधुक दिसतो म्हणजे तो सुरक्षित झाला असं नाही. यांतून न दिसणारे किरण सरळ आत जाऊ शकतात, आणि सूर्य अंधुक दिसतो म्हणूनच माणूस जास्त वेळ बघत बसतो.

परातीत हळदीचं किंवा शेणाचं पाणी घालून त्यात ग्रहण बघायची पद्धत अजूनही घराघरांत आहे. आजी सांगेल की आम्ही असंच बघितलं, आणि डोळे शाबूत आहेत. पण पाण्याचा पृष्ठभाग सूर्याच्या उजेडाचा सुमारे दोन टक्के भाग परत फेकतो, आणि सूर्य कललेला असेल तर त्याहून जास्त. आत्ता मानकात वाचलेला आकडा ०.००३२ टक्के होता. दोन्ही आकडे शेजारी ठेवा. हळद किंवा शेण पाण्याच्या आत असतं, चमक वरच्या पृष्ठभागावरून येते, त्यामुळे त्यांनी फारसा फरक पडत नाही. ही प्रथा आजीच्या मायेची आहे, पण डोळ्यांच्या कामाची नाही.

दुर्बिणीसमोर चष्मा घालून उभं राहायचं हा सगळ्यात घातक प्रकार. दुर्बीण उजेड गोळा करून चष्म्यावर ओतते, चष्म्याची फिल्म क्षणात जळते आणि मागे डोळा असतो. दुर्बिणीला सूर्याचा फिल्टर पुढच्या तोंडाला लावलेला हवा, डोळ्याच्या बाजूला नव्हे. जमत नसेल तर दुर्बीण त्या दिवशी पेटीतच राहू दे. मोबाइलच्या कॅमेऱ्यालाही पुढे तसाच फिल्टर हवा. खरं तर भिंतीवर पडलेल्या चित्राचा फोटो काढणं सोपं आणि जास्त सुंदर.

आरसा, ज्वारी आणि भिंत

हा प्रकार चाळीतल्या, अपार्टमेंटमधल्या पंचवीस लोकांना एकदम ग्रहण दाखवतो, आणि त्यासाठी कुणालाही सूर्याकडे बघावं लागत नाही. खर्च जवळजवळ शून्य.

दाढीचा छोटा आरसा घ्या. जाड काळ्या कागदात एक सेंटिमीटरपेक्षा लहान भोक पाडा आणि तो कागद आरशावर चिकटवा, म्हणजे भोकाएवढाच आरसा उघडा राहील. भोक गोलच हवं असं नाही, चौकोनी असलं तरी लांबच्या भिंतीवर चित्र गोलच पडतं. कारण ते भोकाचं चित्र नसतं, सूर्याचं असतं. आता एका पातेल्यात ज्वारी भरा आणि आरसा तिच्यात खोचा. ज्वारीत तो हवा तसा वाकवता येतो आणि सोडला की तिथेच राहतो.

ग्रहणाच्या वेळी सूर्य पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकलेला, क्षितिजापासून साधारण तीस अंशांवर असेल. हात लांब करून मूठ धरली तर ती सुमारे दहा अंश झाकते, म्हणजे क्षितिजापासून तीन मुठी वर. म्हणून दार पूर्वेला असलेलं घर इथे फार सोयीचं. दारासमोर घराची सावली पडलेली असेल. बैठ्या घराची सावली पाच-सहा मीटर, दुमजली इमारतीची दहा मीटरच्या आसपास. त्या सावलीच्या पलीकडे, उन्हात, पातेलं ठेवायचं. तिथून आरशातली तिरीप दारातून आत, खोलीच्या मागच्या भिंतीवर पाडायची. खोलीचे दिवे बंद, खिडक्यांचे पडदे ओढलेले.

भिंतीवर सूर्याची तबकडी उमटेल. तिची रुंदी म्हणजे आरशापासून भिंतीपर्यंतच्या अंतराचा साधारण एकशेनववा भाग. बारा मीटर अंतर असेल तर अकरा सेंटिमीटरची तबकडी, बशीएवढी. चार वाजेपर्यंत पूर्ण गोल. मग तिच्या कडेला खाच पडेल, वाढत जाईल, आणि भिंतीपाशी बसलेल्या पोरांमध्ये "मी आधी बघितली" हा वाद सुरू होईल. ढग आला की तबकडी विरते, ढग गेला की पुन्हा उमटते. तेवढ्या वेळात कुणाला वर बघायची गरज नसते.

आणखी एक मजा बघायला मिळेल. तबकडी जागेवर थांबणार नाही. ती भिंतीवरून मिनिटाला चार-पाच सेंटिमीटर सरकत राहील आणि दर दोन-तीन मिनिटांनी आरसा थोडा फिरवावा लागेल. ते सरकणं म्हणजे पृथ्वीचं स्वतःभोवती फिरणं. एकाला पातेल्यापाशी बसवा, एवढंच सांगून की कुणालाही आरशात डोकवू द्यायचं नाही आणि तिरीप कुणाच्या डोळ्यांवर जाऊ द्यायची नाही. हे काम जबाबदार माणसाकडेच द्यावं, नववीतल्या पोराकडे नको.

आरशाचा खटाटोप नको असेल तर स्वयंपाकघरातला झारा पुरे. सूर्याकडे पाठ करून उभं राहायचं, झारा खांद्याजवळ असा धरायचा की त्याची सावली समोर पांढऱ्या कागदावर किंवा फरशीवर पडेल. कागद झाऱ्यापासून हातभर लांब असेल तर प्रत्येक भोकातून सूर्याचं अर्ध्या सेंटिमीटरचं चित्र पडतं, आणि प्रत्येक चित्राला तीच खाच. कडुनिंबाच्या झाडाखाली हेच आपोआप होतं. पानांमधल्या फटींतून जमिनीवर जे कवडसे पडतात ते सूर्याचीच चित्रं असतात, एरवी गोल, ग्रहणात खाच पडलेली. सिद्धेश्वर तलावाच्या काठाने फिरताना झाडाखालच्या जमिनीकडे लक्ष ठेवलंत तर ग्रहण पायाशी सापडेल. फक्त पाव भागच झाकलेला असल्याने खाच बारीक असेल, नीट बघावी लागेल.

चंद्राचा चावा कुठल्या बाजूने पडतो ते आधी माहीत असलेलं बरं, नाहीतर सुरुवातीची खाच निसटते. पश्चिमेकडे तोंड करून चष्म्यातून पाहिलं तर ती सूर्याच्या खालच्या कडेला सुरू होईल, मध्याला डावीकडे खाली असेल, आणि शेवटी डाव्या कडेने सुटेल. भोकातून पडलेल्या चित्रात वरचं खाली होतं, तेव्हा तिथे खाच वरच्या बाजूला शोधायची.

रंगीत तालीम आदल्या रविवारी करून टाका. चार ते साडेपाचमध्ये ऊन कुठे पडतं, समोरच्या इमारतीआड सूर्य जातो का, आरशाची तिरीप भिंतीपर्यंत पोचते का, हे सगळं त्याच दिवशी कळतं. आठवडाभर पुढे-मागे झालं तरी सूर्याच्या जागेत फारसा फरक पडत नाही.

त्याच दुपारची दुसरी गंमत

सूर्य वर्षातून दोनदा सोलापूरच्या बरोबर डोक्यावरून जातो. एकदा मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला. सोलापूर सुमारे १७ अंश ४० कला उत्तर अक्षांशावर, आणि २ ऑगस्टला सूर्यही जवळजवळ तितक्याच अंशांवर उत्तरेला असतो. म्हणजे ग्रहणाच्याच दिवशी दुपारी साडेबारानंतर दोन-तीन मिनिटांनी उभ्या ठेवलेल्या तांब्याची, पाइपाची सावली जवळजवळ नाहीशी होईल. शाळेतल्या मुलांना एकाच दिवसात दोन गोष्टी दाखवता येतील, आणि दोन्ही सूर्याकडे न बघता, सावली बघून. शिक्षकांनी हा दिवस हातचा जाऊ देऊ नये.

वेध, सुतक वगैरे

ग्रहणात जेवायचं की नाही, तुळशीपत्र ठेवायचं की नाही, देव झाकायचे की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. अन्नाला ग्रहणामुळे काही होत नाही. चार तास उघड्यावर राहिलेलं अन्न ऑगस्टच्या दमट हवेत ग्रहण नसतानाही खराब होईल. मशिदीत ग्रहणाची नमाज होईल, देवळात जप होईल, त्यात कुणाचं काही बिघडत नाही.

गरोदर बाईला मात्र कोंडून ठेवू नका. चिरू नको, शिवू नको, उपाशी राहा, पाणी पिऊ नको, हे सगळं तिच्याच वाट्याला येतं. ग्रहणाने पोटातल्या बाळाला व्यंग येतं याला कसलाही आधार नाही, पण तासन्‌तास उपाशी आणि तहानलेलं राहणं तिला खरोखर त्रासाचं आहे. तिला भिंतीवरचं ग्रहण बघायचं असेल तर पहिली खुर्ची तिला द्या.

हे हुकलं तर

ढगांनी घात केला तरी जग बुडत नाही. २५ ऑक्टोबर २०२२ ला लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सोलापुरात सूर्य ग्रहण लागलेलाच मावळला, तो बऱ्याच जणांनी पाहिला असेल. त्याआधी २६ डिसेंबर २०१९ ची सकाळ. आणि जुन्या माणसांना १६ फेब्रुवारी १९८० आठवत असेल. खग्रासचा पट्टा हुबळी-रायचूरवरून गेला आणि सोलापूर त्याच्या उत्तरेला थोडक्यात राहिलं. त्या दुपारी देशभर रस्ते ओस पडले, माणसं दारं लावून घरात बसली. हाकेच्या अंतरावरून खग्रास गेलं, आणि ते बघायला हुबळीला जावं असं फार थोड्यांना सुचलं असेल.

पुढचं चांगलं ग्रहण २१ मे २०३१ ला आहे. कंकणाकृती, म्हणजे चंद्र थोडा लांब असल्याने सूर्याची कडा बांगडीसारखी उरते. पट्टा केरळ-तमिळनाडूमधून जातो, सोलापुरात खंडग्रास, पण या वेळेपेक्षा मोठं. वेळ भर दुपारची, महिना मेचा. ढग कमी, ऊन भाजून काढणारं, आणि सूर्य जवळजवळ डोक्यावर, त्यामुळे आरशाने भिंतीवर चित्र पाडण्यापेक्षा झारा जास्त कामाचा. २० मार्च २०३४ च्या खग्रासचा पट्टा भारताच्या अगदी उत्तरेला लडाखला स्पर्श करतो. त्यासाठी पैसे साठवायला आतापासून वेळ आहे.

२०२७ चे चष्मे फेकू नका. वहीच्या पानात घालून, घडी न करता, ओरखडे पडणार नाहीत असे ठेवा. २०३१ मध्ये काढाल तेव्हा पुन्हा ट्यूबलाइटची आणि टॉर्चची चाचणी करा. फिल्म सुरकुतलेली, सुटलेली किंवा टोचलेली दिसली तर कात्रीने कापूनच कचऱ्यात टाका, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या पोराच्या हाती लागणार नाही.